पहिलं व्यक्तिशिल्प करताना: कोल्हापूरच्या नवशिक्यांसाठी मातीपासून फायबरपर्यंत

इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा झालेली, चित्रात हात बसलेली पोरं शिल्पाकडे वळली की पहिला प्रश्न हमखास असतो, "सर, डोळे कसे काढायचे?" डोळे फार पुढची गोष्ट. त्याआधी पाइप उभा करायचा असतो, माती मळायची असते, कवटी बांधायची असते. व्हिडिओत हा भाग भरभर पुढे पळवलेला असतो, कारण बघायला तो कंटाळवाणा असतो. काम बिघडतं ते मात्र तिथेच. म्हणून हा लेख त्या भागावर जास्त रेंगाळणार आहे.

पल्ला मर्यादित ठेवला आहे: मानेपर्यंतचं, मूळ मापाचं एक डोकं मातीत करायचं, त्याचा साचा काढायचा आणि फायबरमध्ये उतरवायचं. ब्राँझ आणि चौकातले पुतळे यांबद्दल शेवटी थोडं आहे. ठिकाणं कोल्हापूरची आहेत, तंत्र कुठेही चालेल.

१. हात लावण्याआधी आठवडाभर नुसतं बघा

तुम्हाला प्रेरणा कुठून मिळते, असं मुलाखतीत विचारतात. माझं खरं उत्तर म्हणजे तालीम आणि मार्केट यार्ड. सकाळी हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या, कडेला बसून पैलवानाची मान बघा. कानामागून निघालेला स्नायू थेट खांद्यात उतरतो, त्यामुळे मान वेगळी अशी दिसतच नाही. आणि कान! वर्षानुवर्षं घासून आणि रक्त साकळून कानाची वरची कड आत मुडपलेली असते, आतल्या घड्या बुजून तिथे घट्ट मांस झालेलं असतं. पैलवानाचं डोकं करताना तो कान मी कधी नीटनेटका केला नाही. घरचे म्हणतात, "कान जरा सरळ करा की." पण तो कान सरळ केला की माणूस तालमीतून बाहेर गेला. मार्केट यार्डात सौद्याच्या वेळी तीस किलोचा गुळाचा रवा उचलणाऱ्या हमालाची पाठ बघा. कुठलं हाड वर येतं आणि कुठला खड्डा पडतो, हे तिथे शरीरशास्त्राच्या पुस्तकापेक्षा लवकर कळतं.

मग झालेली कामं बघा. बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे ९ डिसेंबर १९५० रोजी बसले, भाई माधवराव बागलांच्या पुढाकारानं. बाबासाहेब तेव्हा हयात होते. माणूस हयात असताना साम्य जमवायचं म्हणजे काय, हा विचार डोक्यात ठेवून त्या चेहऱ्याकडे बघा. शिवाजी चौकातला महाराजांचा अर्धपुतळा बाबूराव पेंटरांनी केलेला. कावळा नाक्यावरची घोड्यावरची ताराराणी रवींद्र मेस्त्रींनी घडवलेली. तिथे घोड्याच्या पुढच्या पायांकडे सगळेच बघतात, तुम्ही मागच्या पायांकडे बघा आणि सगळं वजन कुठून खाली जातं ते शोधा. टाऊन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली पोसायडनची (ग्रीक समुद्रदेवाची) छोटी ब्राँझ मूर्ती आहे. समुद्रापलीकडून व्यापाराबरोबर इथवर आलेली ही रोमन वस्तू. मूर्ती लहान असूनही एका पायावर टाकलेला भार स्पष्ट कळतो.

खिद्रापूरला जाणार असाल तर सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा. माथ्यावरच्या उन्हात कोपेश्वर मंदिराचा काळा दगड सपाट दिसतो. तिरपा उजेड पडला की गजपट्टातला एकेक हत्ती सुटा होतो.

कुठलंही शिल्प बघताना त्याभोवती फेरी मारा आणि आठ ठिकाणी थांबा. प्रत्येक ठिकाणी फक्त बाहेरची रेषा वहीत काढा, आत काही भरू नका. ही सवय पुढे पायरी ६ मध्ये कामाला येते.

२. साहित्य जमवा

- शाडू माती, २० ते २५ किलो
- पाऊण इंची प्लायवूडचा दीड फूट बाय दीड फूट तुकडा, खाली दोन पट्ट्या ठोकून
- अर्धा इंची जीआय पाइप सव्वा फूट आणि त्याला बसणारा फ्लँज (पाइप फळीवर उभा धरणारी चकती)
- ॲल्युमिनियमची जाड तार, बाइंडिंग तार, लाकडी चिपा
- फिरतं स्टँड. विकतचं परवडत नसेल तर वेल्डरकडून जुन्या बेअरिंगवर करून घ्या, उद्यमनगरात हे सहज होतं
- मॉडेलिंगची लाकडी आणि तारेची हत्यारं, थापायला लाकडी पट्टी
- कॅलिपर (दोन टोकांमधलं अंतर उचलायचं हत्यार) आणि गवंड्याचा ओळंबा
- पाण्याचा फवारा, सुती फडकी, मोठी प्लास्टिकची पिशवी

हत्यारांवर सुरुवातीला पैसे उडवू नका. आंगठा, एक पट्टी आणि एक तारेचं हत्यार एवढ्यावर ऐंशी टक्के काम होतं. कॅलिपर मात्र चांगला घ्या. सांधा ढिला असला की उचलताना माप सरकतं आणि ते तुमच्या लक्षातही येत नाही.

शाडूसाठी शाहूपुरी किंवा गंगावेशीतली कुंभार गल्ली, नाहीतर बापट कॅम्प गाठा. गणपतीच्या आधीचे दोन-तीन महिने तिथे कुणाला बोलायला सवड नसते, तेव्हा चौकशा करत उभं राहू नका. नवरात्र उरकलं की जा, निवांत बोलतील आणि माती कशी मळायची तेही दाखवतील. तिथे हंगामभर काम केलंत तर साचा सोडवण्यात आणि माती सफाईनं फिरवण्यात हात तयार होईल. एक सावधगिरी ठेवा: देवाच्या मूर्तीचे डोळे ठरलेल्या घाटाचे असतात, आणि तोच घाट हातात बसला की पुढे आजोबांचे डोळेही गणपतीसारखे व्हायला लागतात.

३. माणूस निवडा, फोटो घ्या, मापं घ्या

पहिलं डोकं जिवंत माणसाचं करा, तेही वय झालेल्या, हाडं दिसणाऱ्या माणसाचं. लहान मूल किंवा तरुण मुलगी पहिल्यांदा घेऊ नका. गुळगुळीत चेहऱ्यात धरायला काही सापडत नाही. घरातले आजोबा उत्तम, चहा दिला की बसतात.

फोटो मोबाइलवर चालतील, पण जवळून काढू नका. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक मोठं होतं आणि कान मागे पळतात. सात-आठ फुटांवर उभे राहा, झूम करा आणि कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा. सभोवती आठ फोटो, एक वरून, एक हनुवटीच्या खालून. उजेड एका बाजूनं हवा, फ्लॅश बंद.

मापं कॅलिपरनं घ्या आणि वहीत लिहा: हनुवटी ते टाळू, कपाळ ते डोक्याची मागची बाजू, गालफडांची रुंदी, जबड्याची रुंदी, कानाच्या भोकापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत आणि तिथूनच हनुवटीपर्यंत. मोठ्या माणसाचं डोकं साधारण २२ ते २३ सेंमी उंच, १५ सेंमी रुंद आणि १९ ते २० सेंमी खोल असतं. तुमची मापं यापासून फार लांब गेली तर परत मोजा.

गेलेल्या माणसाचं काम आलं तर घरच्यांकडून फक्त स्टुडिओतला हार घातलेला फोटो घेऊ नका. जुन्या स्टुडिओत रीटच करून सुरकुत्या पुसलेल्या असायच्या. लग्नातले, शेतातले, बाजूनं आलेले, हसताना निघालेले असे सगळे फोटो मागा. भाऊ किंवा मुलगा बापासारखा दिसत असेल तर त्याला अर्धा तास समोर बसवा.

४. आर्मेचर, म्हणजे आतला सांगाडा

प्लायवर फ्लँज ठोकून पाइप उभा करा. वरच्या टोकाला ॲल्युमिनियमच्या तारेची दोन वेटोळी एकमेकांत काटकोनात बसवा, डोक्यापेक्षा सगळीकडून इंच-दीड इंच लहान. आत बाइंडिंग तारेनं दोन चिपांची फुली बांधून लोंबती सोडा. याला बटरफ्लाय म्हणतात. माती तिच्यावर अडकते आणि स्वतःच्या वजनानं खाली घसरत नाही. ती बांधायचा कंटाळा केला की दोन दिवसांनी हनुवटी छातीला टेकलेली सापडते.

मान सरळ वर जात नाही, ती मागून पुढे तिरपी येते. पाइप डोक्याच्या मधोमध खाली उतरवला तर मान करताना तो गळ्यातून बाहेर डोकावतो, आणि मग पाइप लपवायला मान जाड केली जाते. म्हणून पाइप मानेच्या तळाच्या जागी उभा करा आणि वेटोळी थोडी पुढे झुकवा. हे सगळं माती लावण्याआधी. नंतर पाइप हलवता येत नाही.

५. माती मळणं

वाळलेली शाडू फोडून, चाळून भिजत घाला, वरचं पाणी काढा आणि हाताला चिकटणार नाही इतपत घट्ट मळा. हवा राहू देऊ नका. रोज काम थांबवलं की ओलं फडकं आणि वरून प्लास्टिकची पिशवी. फडकं नाका-डोळ्यांवर चिकटू नये म्हणून भोवती काड्या खोचा. एप्रिल-मेच्या उन्हात दिवसातून दोनदा फवारा लागतो. आर्मेचरवरची माती वाळू द्यायचीच नसते, तार आकसत नाही आणि माती आकसते, म्हणून ती फुटणारच.

६. आधी कवटी, मग चेहरा

सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर एवढाच भाग वाचा.

माती मुठीएवढ्या गोळ्यांनी लावा आणि लाकडी पट्टीनं थापत जा. पहिल्या दोन बैठकांत नाक, डोळे, ओठ यांचं नावही काढू नका. अंड्याच्या घाटाचा मोठा गोळा, त्याला जोडलेला जबड्याचा छोटा पाचर आणि तिरपी मान, या तीन गोष्टी जमवा. दर पाच मिनिटांनी स्टँड फिरवा. एकाच बाजूनं काम करणं ही चित्रकलेतून आलेल्यांची खोड आहे. समोरून हुबेहूब जमतं आणि बाजूनं बघितलं तर चेहरा परातीत थापल्यासारखा दिसतो.

सगळ्यांत जास्त दिसणारी चूक म्हणजे मागून कापलेलं डोकं. बाजूनं बघितलं तर डोक्याची खोली उंचीपेक्षा थोडीशीच कमी असते, पण नवशिका ती बरीच कमी करतो, कारण त्याचं सगळं लक्ष पुढे असतं. कान कुठे येतो ते बघा: बाजूनं डोक्याचे दोन भाग केले तर कान मधल्या रेषेच्या मागे, जबड्याचं हाड संपतं तिथे, किंचित मागे कललेला. कानामागे अजून बरंच डोकं शिल्लक असतं.

फेटा असलेलं काम असलं तरी कवटी पूर्ण करा आणि फेटा नंतर गुंडाळा. मातीच्या पट्ट्या लाटून खरोखर बांधतात तशाच क्रमानं चढवा. आत डोकं नसलेला फेटा लगेच ओळखू येतो.

आता ओळंबा. माणसाला बाजूनं बसवा, कपाळासमोर दोरी धरा आणि दोरीपासून नाकाचा शेंडा, वरचा ओठ, हनुवटी किती पुढे-मागे आहेत ते बघा. तेच मातीच्या डोक्यावर करा. कवळी काढून बसलेल्या आजोबांची हनुवटी पुढे येते, ओठ आत जातात. साम्य बऱ्याचदा या एका रेषेतच पकडलं जातं. आठ बाजूंच्या बाहेरच्या रेषा जुळल्या की दहा फुटांवरून माणूस ओळखू येतो, नाक-डोळे नसतानाही. घरातल्या कुणाला तरी बोलावून विचारा. ओळखलं नाही तर पुढे जाऊ नका.

७. नाक, डोळे, ओठ

डोळे टाळू आणि हनुवटीच्या बरोबर मध्यावर येतात. नवशिके ते वर चढवतात आणि कपाळ संपतं. आधी खोबणीचा खड्डा करा, त्यात डोळ्याच्या गोलासाठी मातीची गोटी बसवा आणि पापण्या वरून पट्टीसारख्या ठेवा. वरच्या पापणीला जाडी द्या, तिची सावली पडायला हवी.

मातीला रंग नसतो, म्हणून नजर खड्ड्यानं दाखवावी लागते. बुबुळाच्या जागी गोल कोरून घ्या, पण वरच्या पापणीला चिकटून ज्वारीच्या दाण्याएवढा मातीचा कण शिल्लक ठेवा. उजेड त्या कणावर थांबतो आणि डोळा बघायला लागतो. दोन्ही डोळ्यांत कण एकाच बाजूला हवा. खड्डा किती खोल घ्यायचा ते शिल्प कुठे ठेवणार यावर आहे: घरात असेल तर उथळ, उंच चौथऱ्यावर असेल तर खोल.

केस एकेक काढू नका. झुपके करा. सुरकुत्या सुईनं ओरखडू नका, दोन फुगवट्यांच्या मध्ये आपोआप पडणारी दरी म्हणजे सुरकुती. आणि शेवटी ओलं बोट फिरवून सगळं गुळगुळीत करायचा मोह आवरा. पट्टीच्या थापेच्या खुणा राहिल्या तर राहू देत.

८. प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा

एकच प्रत हवी असेल तर वेस्ट मोल्ड पुरे. नावाप्रमाणे तो शेवटी फोडायचा असतो.

१. डोक्याच्या वरून कानांच्या मागे जाणारी रेषा ठरवा. तिच्यावर जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या कापून मातीत रोवा.
२. पाण्यात प्लास्टर शिंपडा, प्लास्टरवर पाणी ओतू नका. पाण्यावर प्लास्टरची बेटं दिसू लागली की थांबा, मिनिटभर मुरू द्या, मग हलक्या हातानं ढवळा.
३. पहिल्या थराच्या पाण्यात चिमूटभर नीळ टाका. हा थर बोटांनी फेकत लावा, म्हणजे नाकपुडीत आणि पापणीखाली हवा अडकत नाही.
४. त्यावर पांढरा थर, काथ्या बुडवून इंचभर जाड. घट्ट झाला की कडेनं पाणी सोडत पाचर ठोका, दोन्ही भाग सुटतात.
५. माती काढा, साचा धुवा, पूर्ण वाळू द्या.

निळ्या थराचं काम शेवटी कळतं. साचा छिन्नीनं फोडताना निळं दिसलं की आत शिल्प आलं, हात हलका करायचा.

पावसाळ्यात प्लास्टर ओल धरतं, त्यात गुठळ्या होतात आणि ते नीट बसत नाही. ताजं पोतं आणा, आधी वाटीभर भिजवून बघा. पोती फळीवर उंच ठेवा. पंचगंगेजवळच्या सखल भागात कार्यशाळा घेणार असाल तर २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं हे शेजाऱ्याला विचारूनच भाडं ठरवा.

९. फायबर

फायबर म्हणजे रेझिनमध्ये भिजवलेली काचतंतूंची मॅट. वाळलेल्या साच्याला आतून शेलॅकचे दोन-तीन हात, मग वॅक्स पॉलिश, मग पीव्हीए (वाळून पातळ पापुद्रा होणारं द्रावण). यात हयगय झाली तर फायबर प्लास्टरला कायमचं चिकटतं.

रेझिनमध्ये आधी कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रव) घालून पूर्ण ढवळा, हार्डनर त्यानंतर. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो. दोन्हींच्या बाटल्या वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवा, मोजायची भांडीही वेगळी. हार्डनर रेझिनच्या एक ते दोन टक्के, उन्हाळ्यात कमी. आधी वाटीत थोडं करून किती मिनिटांत घट्ट होतं ते बघा.

पहिला थर जेलकोटचा, म्हणजे मॅटशिवायच्या दाट रेझिनचा. तो चिकट असतानाच ग्लास मॅटचे छोटे तुकडे रेझिनमध्ये भिजवून ब्रशनं टोचत बसवा, दोन ते तीन थर. मोठा तुकडा नाकात वळत नाही, त्याखाली हवा राहते आणि नाकाचा शेंडा पोकळ निघतो. दोन्ही अर्धे जोडून सांध्यावर आतून मॅट लावा. दुसऱ्या दिवशी साचा फोडा.

घासकाम मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालूनच. अंगावर काच बसली तर गार पाण्यानं धुवा. काम उघड्यावर करा, रेझिनचा वास बंद खोलीत डोक्यात जातो.

१०. ब्राँझचं काम आलं तर

कोल्हापूर फाउंड्रीचं गाव आहे, शिरोली आणि गोकुळ शिरगावात भट्ट्या आहेत, म्हणून पुतळाही तिथेच ओतून होईल असं लोकांना वाटतं. त्या बहुतेक फाउंड्र्या वाळूच्या साच्यात यंत्रांचे लोखंडी भाग ओततात. पुतळ्याला मेणाची पद्धत लागते: साच्यातून पाच-सहा मिमी जाडीचं पोकळ मेण काढायचं, त्याला धातू आत जायच्या आणि हवा बाहेर यायच्या वाटा जोडायच्या, आतबाहेर प्लास्टर आणि विटेच्या भुकटीचं आवरण करायचं, भट्टीत मेण जाळून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. पुतळ्यांना बऱ्याचदा ८५ भाग तांबं आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी ५ भाग अशी मिश्रधातू वापरतात.

ओतकाम दुसऱ्याकडे दिलंत तरी मेण स्वतः तपासा. मेणातला दोष पाच मिनिटांत दुरुस्त होतो, धातूतला छिन्नी आणि वेल्डिंगनं. ब्राँझ थंड होताना दीड-दोन टक्के आकसतं, अचूक माप हवं असेल तर मातीतच तेवढं वाढवून घ्या.

११. मंडळाची ऑर्डर आणि चौकातला पुतळा

उघड्यावर मूळ मापाचं शिल्प लहान दिसतं, म्हणून सव्वापट ते दीडपट करतात. चौथऱ्याची उंची आधी विचारा. बारा फुटांवर ठेवायचं डोकं थोडं खाली झुकवावं लागतं.

मातीचं काम दाखवायला मंडळातले सगळे एकाच दिवशी बोलवा. वेगवेगळे आले की एक म्हणतो वय कमी करा, दुसरा म्हणतो मिशी वाढवा. चारही बाजूंच्या फोटोंवर सह्या घ्या, त्याच दिवशी दुसरा हप्ता घ्या, आणि त्यानंतरच साचा लावा. पैसे तीन हप्त्यांत: ऑर्डरला, मातीच्या मंजुरीला आणि नेताना.

सार्वजनिक जागेवरच्या पुतळ्याला परवानगी लागते आणि ती काढणं मंडळाचं काम आहे, शिल्पकाराचं नाही. तरी तुम्हाला माहीत असलेलं बरं. रस्त्यावर आणि रहदारीच्या सार्वजनिक जागांवर नवे पुतळे बसवायला सर्वोच्च न्यायालयानं १८ जानेवारी २०१३ च्या आदेशानं मनाई केली आहे. राज्यात २ मे २०१७ च्या शासन निर्णयाप्रमाणे प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जातो. फाइलमध्ये साधारण ही कागदपत्रं लागतात:

- जागेच्या मालकीचा पुरावा
- महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा ठराव
- पोलिसांचा ना-हरकत दाखला
- पुतळा आणि चौथऱ्याचे आर्किटेक्टचे आराखडे
- मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता

मोठ्या पुतळ्याच्या आतला स्टीलचा सांगाडा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्या. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा डिसेंबर २०२३ मध्ये बसला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला. तेव्हापासून मंडळंही सांगाड्याबद्दल विचारायला लागली आहेत.

कला संचालनालयाची मान्यता हातात येईपर्यंत साचा लावू नका, मंडळानं जयंतीची तारीख जाहीर केली असली तरी. मान्यतेत बदल सुचवला तर तो मातीत करता येतो, ओतल्यावर नाही. तोवर फवारा मारत राहायचं, आणि त्या महिन्यांचं भाडं अंदाजपत्रकात आधीच धरून ठेवायचं.